क्रीम रंगाचे दोन गुंडे

सोमवार, ६ जानेवारी २०२५

क्रीम लोकरीचे दोन गुंडे. त्यांची खरी किंमत लिहून ठेवतो — दुकानाच्या माळ्यावर पाऊण तास, डावा गुडघा सोललेला, चष्म्याची काडी मोडलेली, आणि एक खोटं. तीस वर्षांत माल असताना गिऱ्हाइकाला 'संपला' म्हणालो नव्हतो. आज म्हणालो.

विनयाला म्हणालो. आमच्या विणकामाच्या गटातली. बोळिंजला राहते, बँकेतून निवृत्त. गटात आम्ही पाच — चार बायका आणि मी. गुंडे हवे होते क्लेमेंटीनला, तीही गटातलीच, नंदाखालची. रविवारी तिच्या मुलीचं, सुझानचं लग्न. शाल विणतेय, एक कोपरा राहिलाय. लोकर त्याच लॉटची हवी. लॉट बदलला की रंग जरासा फिरतो आणि पट्टा पडतो. त्या लॉटचे हे शेवटचे दोन.

माळ्यावर हाताला लागले आणि त्याच वेळी खालून विनयाचा आवाज. फोनवर होती. "हो गं क्लेमेंटीन, जव्हारचं पक्कं. पंचवीस-सव्वीस." मग जरा थांबून — "अगं, तो कडेचा! उलटा आहे म्हणूनच सांगतेय. त्याला घ्यायचंच नाही. तसाच जाऊ दे. घेतलास की सगळं आवळतं."

जव्हारची सहल गटाची. आणि कडेला कोण बसतं? मी! विनयाच्या हॉलमध्ये, बाल्कनीच्या दाराशी, प्लास्टिकच्या स्टुलावर. उलटा कोण? स्वप्ना लग्नापासून मला तेच म्हणतेय.

खाली उतरलो, हात झटकले. "संपली हो विनयाताई." हसून म्हणालो.

ऐकण्यात चूक? शक्य नाही. सुयांच्या आवाजावरून सुई कितीची ते सांगणारा माणूस मी. चंदनसारमधली बातमी आधी माझ्या काउंटरवर येते, मग घरोघरी जाते.

मंगळवार, ७ जानेवारी

माल आणायला भिवंडी. एसटीत खिडकी मिळाली. विनयाचा फोन — "भाऊ, तिथे होलसेलवाल्याकडे बघाल ना? क्लेमेंटीन रडकुंडीला आलीय." म्हटलं, "बघतो की!" दोन्ही गुंडे मांडीवरच्या पिशवीत.

हा गट जमवला कोणी? मी. विरार स्टेशनबाहेर हातगाडीवर लुधियानाचे स्वेटर विकायचो. गिऱ्हाईक नसलं की उसवलेले बघून बघून सुया हातात धरायला शिकलो. लोक हसायचे. हसणाऱ्यांच्याच पोरांना पुढे शाळेचे स्वेटर मी पुरवले. रविवारचे ते दोन तास — आठवड्यात तेवढ्याच वेळात मी कोणाला काही विकत नाही. तेवढंच माझं. आणि त्यातूनच काढायला निघाल्या!

वज्रेश्वरी यायच्या आत टाके घातले. काय विणायचं ते ठरलंय. बिल्डिंगखालचा लंगडा कुत्रा — त्याला स्वेटर. लग्नाची लोकर कुत्र्याच्या अंगावर!

बुधवार, ८ जानेवारी

पाठ झाली. पोट राहिलं.

गुरुवार, ९ जानेवारी

क्लेमेंटीन स्वतः आली. दोन बस बदलून, शाल उशीच्या अभ्र्यात गुंडाळून. काउंटरवर पसरली. काम नंबर एक, खोटं कशाला लिहू! एक कोपरा वितभर रिकामा.

"दुसरी लोकर लावली तर दिसेल हो चंद्रहासभाऊ. फोटोत तर दिसेलच. माज्या आईची शाल मी घातली होती, तिला एवढीशी खोट नव्हती."

"आता कंपनीच तो लॉट काढत नाही, मी तरी काय करणार?"

चहा पाजला. जवळात जवळचा रंग म्हणून दुसऱ्या लॉटचे दोन गुंडे दिले. तिने दोनदा उजेडात नेऊन बघितले. मग घेतले. जाताना पिशवीतून उन्हात वाळवलेली सुकेळी काढून ठेवली. "घरची आहेत. वहिनींना द्या." आणि वर — "रविवारी जेवायलाच यायचं हां, नुसतं तोंड दाखवून पळायचं नाही."

तोंडावर किती गोड! जव्हारला मात्र नको. सुकेळी चार खाल्ली. चांगली होती.

शुक्रवार, १० जानेवारी

सकाळी वीजबिल, मग चष्म्याची काडी, मग जूचंद्रला शाळेचे चाळीस स्वेटर पोचवले. दुपारी दुकानात कुत्र्याच्या स्वेटरचं पोट पुरं केलं.

स्वप्ना म्हणाली, "ही त्या शालीची लोकर ना?"

"उरलेली."

"उरलेली की उरवलेली?"

या बाईला उत्तर दिलं की आणखी एक प्रश्न येतो. टाके मोजत बसलो.

शनिवार, ११ जानेवारी

दुपारी कुत्र्याला बिस्किटं दाखवून स्वेटर चढवला. अगदी मापात! फोटो काढला. संध्याकाळी स्वप्नाला घेऊन अर्नाळ्याला गेलो, भेळ खाल्ली, आणि तिथूनच फोटो गटाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं — 'थंडी सगळ्यांनाच वाजते.'

ओळखू दे. ओळखावी म्हणूनच टाकला.

गटातली रुक्मिणी — 'किती गोड!' क्लेमेंटीनने बघितलाच नाही, लग्नघर. विनयाने बघितला. 'कोणी वाचलं' त्या यादीत तिचं नाव आलं. उत्तर नाही.

भेळ दोन प्लेट खाल्ली.

रविवार, १२ जानेवारी

चर्चच्या आवारात गर्दी, बँड, ऊन. सुझान गाडीतून उतरली. खांद्यावर शाल. आणि डाव्या कोपऱ्यात पट्टा! इतका पिवळट की लांबून दिसावा. मनात म्हटलं, घ्या, आता बसा आवळत!

चर्च सुटल्यावर मंडपात बायका शालीभोवती जमल्या. मी मागे, हातात आंबट-तिखट इंद्याल रश्श्याची ताटली. रुक्मिणीने विचारलं, "कड एवढी सरळ कशी आली गं?"

क्लेमेंटीन म्हणाली, "विनयाने फोनवर सांगितलं. प्रत्येक ओळीचा कडेचा टाका असतो ना, तो उलटा असला तर विणायला घ्यायचाच नाही. तसाच या सुईवरून त्या सुईवर जाऊ द्यायचा. घेतला की सगळी कड आवळते."

टाका!

उलटा टाका. कडेचा. दुसरीतल्या पोरालाही सुई हातात दिल्यावर हेच पहिलं शिकवतात. मीच क्लेमेंटीनला नऊ वर्षांपूर्वी सुलट-उलट शिकवलं आणि मला — मला! — ऐकून कळलं नाही. माळ्यावर गुडघे टेकून बसलो होतो आणि मला फक्त मीच ऐकू आलो.

ताटली खाली ठेवायला जागा सापडेना. विनया जवळ आली. आवाज अगदी हळू. "चंद्रहासभाऊ, कुत्रा बरा आहे ना? अंगाला टोचत नाही ना लोकर?"

मी ताटली दुसऱ्या हातात घेतली.

क्लेमेंटीनला काहीच माहीत नाही. मला ओढून सुझानकडे नेलं. "हे चंद्रहासभाऊ. यांनी माज्यासाठी भिवंडीपर्यंत शोधली लोकर!" सुझान पाया पडली. वाकली तेव्हा तो पट्टा माझ्या डोळ्यांसमोर.

घरी येताच खाली गेलो, स्वेटर काढायला. म्हटलं, उसवू, धुऊ, तो कोपरा पुन्हा विणून देऊ. कुत्रा गुरगुरला. हात लावू दिला नाही. त्याला ऊब आवडलीय.

सोमवार, १३ जानेवारी

जव्हारची गाडी विनयाने डिसेंबरमध्येच ठरवली होती. पाच जणांची. काल चार जणांची केली.

स्वप्नाला कालच माहीत होतं. खालच्या वॉचमनलाही. मला आज कळलं.