आजाऱ्यांच्या हसण्यासाठी समाजमंदिर उघडून मिळणेबाबत

प्रति,
मा. गटविकास अधिकारी,
पंचायत समिती, डहाणू, जि. पालघर.

विषय : रक्ताच्या दुर्मिळ कॅन्सरच्या रुग्णांच्या मासिक बैठकीसाठी सायवनच्या पाड्यावरील समाजमंदिर खुले करणेबाबत.
संदर्भ : समाजमंदिराच्या दारावरील दि. १३ जानेवारीची सूचना.

महोदय,

१. अर्जदार सुषमा नविन वरठा, राहणार सायवन, हिला पॉलिसायथेमिया व्हेरा हा रक्ताचा दुर्मिळ कॅन्सर आहे. यात रक्त दाट होते व अधूनमधून शिरेतून काढावे लागते. हा आजार असलेले दुसरे माणूस तिने पाहिले नव्हते. पुढे डॉ. मयुरा सावे संशोधनासाठी आल्या आणि त्यांनी डहाणू-तलासरीतील रुग्णांना महिन्यातून एकदा समाजमंदिरात एकत्र बसवले.

पहिल्या बैठकीस बुधी नावाची वृद्ध रुग्ण गप्प होती. आंघोळ केली की तिच्या अंगाला भयंकर खाज सुटे. लोक भुताटकी म्हणतील म्हणून ती कोणास सांगत नसे. अर्जदाराने सहज स्वतःच्या खाजेचा विषय काढला. बुधी म्हणाली, "मंग मी एकली नाय तर." खाज आजाराचीच आहे, असे डॉक्टरांनी सांगितले व रुग्णांनी सुचवलेले प्रश्नही संशोधनात घेतले.

२. दि. १२ जानेवारीस तुक्या या रुग्णाने आपली हकीगत सांगितली. आजाराने त्याचे डोळे लाल असत. बायको रूपी त्याचे तोंड हुंगून ताडीचा पत्ता लावू पाही. वास येईना, तेव्हा बिनवासाची ताडी कुठे मिळते याची तिने गावभर चौकशी केली. बैठकीत सर्वांत मोठ्याने तीच हसली. सदर हसणे रस्त्यापर्यंत गेले.

दुसऱ्या दिवशी दाराला कुलूप व सूचना : 'जागा आजाऱ्यांच्या बैठकीसाठी दिली आहे. करमणुकीचे कार्यक्रम करू नयेत.' अर्जदाराने किल्ली सांभाळणारे जीवनभाऊ यांना आजाराचा पुरावा म्हणून गोळ्यांची पाकिटे दाखवली. "पाकिटं खरी आहेत," ते म्हणाले, "पण हसणंही खरंच होतं ना, ताई?"

३. पुढच्या रविवारी डॉक्टर रक्ताचे नमुने घेण्यास आल्या, ते चिकूच्या झाडाखाली घ्यावे लागले. संशोधनाच्या सुईला आजवर नकार देणाऱ्या बुधीने आपणहून हात पुढे केला. "लवकर घ्या, बाई. तुक्याची गोष्ट अर्धी राहिलीय." परंतु नमुने उन्हात ठेवता येत नाहीत व दमलेल्या रुग्णांना आडवे व्हायला जागा लागते.

४. तलासरीच्या सोमी यांना नुकताच हाच आजार निघाला आहे. त्यांनी अर्जदारास फोनवर विचारले, "तिथं सगळे रडत बसतात का? तसं असंल तर मी नाय येत." अर्जदाराने त्यांना ९ फेब्रुवारीस यायला सांगितले आहे.

तरी त्या दिवसापूर्वी दार उघडण्याचे आदेश व्हावेत, ही विनंती. शांतता राखण्याची लेखी हमी देण्यास अर्जदार तयार आहे. फक्त हसणार नाही, असे त्यात लिहून देता येणार नाही.

आपल्या आदेशाची वाट पाहणारी,
(सही)
सुषमा नविन वरठा
सायवन, दि. २० जानेवारी २०२५

सोबत : सूचनेची प्रत व डॉ. सावे यांचे पत्र.