झालं, बांधा

आप्पा, तुम्हाला लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि आता तर तुम्हीच नाही. तरी लिहितेय. माझ्या कादंबरीचं काही खरं नाही, हे दुसऱ्या कुणाला सांगू?

पहाटे उठायची खोड तुमचीच. निपाणीकडच्या आपल्या रानात तंबाखू कापून वाळत पसरलेली असायची आणि तुम्ही माझं पांघरूण ओढायचात. "ऊठ गं पोरी. दव हाय तवर पाला उलथायचा. उन्हं चढली की हातात भुगा." थंडीनं बोटं वळत नाहीत, पाला मऊ, चिकट, तुम्ही पुढं, मी मागं. एकदा तुम्ही कोगनोळीला गेला होतात आणि मी झोपून राहिले. जाग आली तेव्हा ऊन डोक्यावर. आता आप्पांना काय तोंड दाखवू, म्हणून भर उन्हात सगळा पाला उलथून काढला. हात लावीन तिथं चुरा. तुम्ही आलात, मूठभर चुरा उचललात. मला वाटलं, आता पाठ फोडून काढणार. "आजची पहाट गेली ती गेली. दुपारी कशाला भरून काढायला गेलीस? उद्याची काय पळून गेलती व्हय?" एवढंच बोललात. त्या दिवशी जेवला मात्र नाहीत.

त्या बोलण्यावर मी माझं सगळं लिहिणं उभं केलं. इथं बेळगावात मुलींच्या शाळेत शिकवते. शाळेच्या आधी, दव असेपर्यंत, रोज लिहायला बसते. एखादी पहाट हुकली तर रात्री जागून भरपाई करत नाही. महायुद्धाच्या दिवसांत कागद मिळेना, तेव्हा मुलींच्या जुन्या पेपरांच्या पाठीवर लिहिलं. सवय लागली की कादंबरी आपोआप होते म्हणे. डोंबल होते! सवय लागली, केस पिकले, आणि मी नायिकेचं लग्न एका पहाटे लावते, दुसऱ्या पहाटे मोडते. तिला चिकोडीला धाडते, परत आणते. उलथून उलथून तिच्यात जीव उरलेला नाही. आमच्या शाळेच्या मोठ्या बाईंना वाचायला दिली. म्हणाल्या, "छान आहे हो. अक्षर अगदी मोत्यासारखं." मी घरी येऊन रडले.

वाळलेला पाला मुरायला रचला की त्या ढिगात तुम्ही एक दिवस कोपरापर्यंत हात घालायचात, आतलं पान ओढून नाकाशी धरायचात, डोळे मिटायचात. मग म्हणायचात, "झालं. बांधा." सगळी माणसं दोऱ्या घेऊन पुढं यायची. मी विचारलं होतं, "कसं कळलं, आप्पा?" तर म्हणालात, "कळतंय." कळतंय म्हणे! उलथायला शिकवलंत, थांबायचं कधी ते शिकवायच्या आधीच निघून गेलात. मला तुमचा राग येतो आप्पा, खरंच येतो.

आज पहाटे एक ओळही लिहिली नाही. सगळी पानं मांडीवर घेतली, मधोमध हात घातला, एक ओढून नाकाशी धरलं. शाईचा वास आला. नुसता शाईचा. परत धरलं. मग ते जागच्या जागी सरकवलं आणि वर हा कागद घेतला. हा पाठवू तरी कुठं? राहील त्याच ढिगात.

एक सांगायचं राहिलं. बांधायची दोरी कालच आणून ठेवली होती.