बारा वर्षं साबणात काढलेलं नाक

३ जून, सोमवार
आमच्या साबण कारखान्यात 'वास-तपासनीस' हवाय. खुर्चीत बसून नुसतं हुंगायचं! पॅकिंगमध्ये खोकी उचलून माझ्या कंबरेचा पार भुगा झालाय. शनिवारी परीक्षा. नापास झालो तर रिटायर होईपर्यंत खोकीच. पण नापास होतोय कोण? बारा वर्षं साबणात काढलेलं नाक आहे हे.

४ जून
सराव सुरू. बायकोने सहा बाटल्या भरल्या. गुलाब, लिंबू, कापूर, फिनेल वगैरे. सहाही बरोबर! आरशात स्वतःला सॅल्यूट ठोकला. बायको म्हणाली, आता डोळे मिटून सांगा. जगात कोण डोळे मिटून हुंगतं?

५ जून
बायकोने गुपचूप झाकणं बदलली. फिनेलला मी ताजा गुलाब म्हणालो. चूक माझी नाही. लाल झाकण दिसलं की मेंदू गुलाब ठरवून मोकळा होतो, नाक बिचारं मागून येतं. म्हणजे माझा मेंदू फास्ट आहे.

६ जून, संध्याकाळी ७
दूध करपलं. मी शेगडीशेजारीच पेपर वाचत होतो. बायको गच्चीवरून धावत आली. म्हणाली, नाकाच्या डॉक्टरकडे चला. तिला समजावलं, तोच तो वास आला की नाक त्याला सरावतं. ती म्हणाली, दूध काय रोज करपतं? विषय बदलला.

७ जून
वासाचं वर्णन करायचे शब्द पाठ केले: मृदू, हिरवट, मागाहून येणारा.

८ जून, दुपारी
परीक्षा. तपासणाऱ्या बाईंनी बिनझाकणाच्या तीन बाटल्या ठेवल्या. पहिली मृदू. दुसरी हिरवट. तिसरीत मागाहून येणारं चंदन. बाई भराभर लिहीत होत्या. जिंकलो!

तेवढ्यात विसरलेला रुमाल घेऊन बायको दारात. सहज एकेक बाटली हुंगून म्हणाली, अहो, हे तर नुसतं पाणी आहे. बाईंनी तिलाच बसवून घेतलं आणि आणखी वीस बाटल्या पुढे मांडल्या.

९ जून
वीसपैकी वीस. उद्यापासून खुर्ची तिची. सराव कोणी करून घेतला? मीच की!

१० जून
तिचं पहिलं काम: पॅकिंगमधून कुबट वास येतो, अशी तक्रार. आमची लाइन हुंगत आली आणि माझ्यासमोर थांबली. माझे मोजे. अख्खं पॅकिंग हसलं.

घरी येऊन मोजा नाकाशी धरला. काहीच आलं नाही. खरंच घाबरलो. डॉक्टरची वेळ तिने आधीच घेऊन ठेवली होती.