आल्डरमियरची लॉर्डकी

१४ ऑक्टो. ६०, मालवण
फोंडाघाटची ट्रकवरची क्लीनरकी सोडून घरी आलो, तर लंडनच्या वकिलाचं पत्र येऊन पडलेलं. आल्डरमियरचे शेवटचे लॉर्ड निपुत्रिक गेले. त्यांचा चुलता इथे मीठखात्यात साहेब होता, त्याने माझ्या आजीशी लग्न केलेलं. पप्पा वारलेले, तेव्हा पुरावा मिळाला तर लॉर्ड मी! मॅट्रिक नापास लॉर्ड.

१६ ऑक्टो.
सोबत घराण्याचा टाइप केलेला इतिहास. डिक्शनरी घेऊन बसलो. पहिल्याला लॉर्डकी कशाबद्दल? शिकारीत राजाचा कुत्रा चिखलात रुतला, तो याने काढला. बस्स. इथे खाडीतून माणसं काढतात, त्यांना कोणी पेज विचारत नाही. तिसऱ्याने जमीन जुगारात घालवली, किताब तेवढा राहिला. पुढे घोड्यांची नावं. त्यातच दुपार गेली.

२० ऑक्टो.
पाद्रीबाबांनी जुनं बुक काढलं. लग्नाची नोंद आहे! साहेबाची सही, आजीची फुली. लगेच बांद्याला जाऊन मित्राच्या हॉटेलात सांगितलं. म्हणतो, "लॉर्डसायबानू, बाकडा पुसान दिव काय?" हसा लेको.

२३ ऑक्टो.
पप्पांच्या बाप्तिस्म्याची नोंद बघितली. बापाचं नाव पास्कू, होडीवरचा तांडेल. आजीचा नंतरचा नवरा, आम्ही आजोबा म्हणायचो तोच.
आजीची धाकटी बहीण रोझामाय, वय ऐंशी. तिला विचारलं. "सायब विलायतेक गेलो तो थयच मेलो. आजी तुझी पोटुशी. पास्कून हात धरल्यान, पाद्रीक सांगान बापाशीचा नावय आपलाच घातल्यान. लोकांनी बोट दाखवूक नको म्हणान."
अब्रू वाचवली. एका ओळीत मला बुडवला. खांद्यावर बसवून किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढताना दाखवायला न्यायचा मला, तोच हा.

२८ ऑक्टो.
इथले वकील म्हणाले, त्या वेळचं कोणी हयात असेल तर पप्पा साहेबाचेच, पास्कूचे नव्हेत, असं त्याचं शपथपत्र करा. रोझामायच एकटी उरलीय. सांगितलं तशी आत गेली. जेवायलाही आली नाही.

३१ ऑक्टो.
आज आपणहून आली. "हाड हंयसर तो कागद. आंगठो देतंय. पण मगे मेल्यांच्या सणाक पास्कूच्या क्रुसार मेणबत्ती लावूची नाय. तुझो कोण लागता तो?"
आंगठा उठवला, लुगड्याला पुसला.

१ नोव्हें.
पाकीट घेऊन पोस्टापर्यंत गेलो. रांग नव्हती. तरी जेटीवर जाऊन बसलो.

२ नोव्हें.
मेल्यांचा सण. सगळे कबरस्तानात. रोझामाय घरातल्यांना एकेक मेणबत्ती वाटत होती. माझ्यापाशी थांबली.
"कागद धाडलंस रे?"
पाकीट खिशातच होतं. मी "व्हय" म्हटलं. का, कोण जाणे.
मला मेणबत्ती न देताच ती पुढच्याकडे गेली.