चार चाकं आणि एक मात्रा

३ तारीख

चि. चिमणीस,
थोरल्या भावाचे अ. आ. वि. वि.

तुझं पत्र पोहोचलं. तुम्ही उभयता मोटारहोम घेऊन एकवीस तारखेला मला समुद्रावर न्यायला येणार, हे वाचून आनंद झाला. मात्र माझी एक अट आहे. फोटोत चारही चाकांवर शोभेच्या चकचकीत टोप्या दिसतात. त्यांच्याखालचे नट घट्ट आहेत की ढिले, रिमला गंज आहे की नाही, हे बाहेरून कळत नाही; आणि तपासलेली नाहीत अशा चाकांवरच्या गाडीत मी बसत नाही. तंत्रशाळेत तीस वर्षं हेच शिकवलं.

कृती सोपी आणि मोठी आनंददायक आहे. हातब्रेक ओढावा. चपट्या स्क्रूड्रायव्हरला कापड गुंडाळून तो टोपीच्या कडेत घालावा आणि गोल फिरत थोडं थोडं उचकटावं; एकाच जागी जोर केल्यास टोपी उडते. मग तारेच्या ब्रशानं गंज काढावा, पॉलिश पेपर फिरवावा, पुसून प्रायमर द्यावा आणि वर चंदेरी रंगाचे दोन पातळ हात. टायर रंगू नये म्हणून त्याच्या आणि रिमच्या फटीत पत्ते खोचावेत, खेळायचे. नटांना आणि त्यांच्या बैठकीला रंग अजिबात लागू नये. रंगाच्या थरावर नट पक्का बसत नाही. शंका पत्रानेच विचाराव्यात. फोनवरच्या सूचना हवेत विरतात.

लोभ आहेच, तो गंजू देऊ नये.
तुझा, दादा

११ तारीख

ती. दादांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र ह्यांनी फ्रिजवर चिकटवलं आणि न वाचताच कामाला लागले. पहिला अर्धा दिवस टोपीवरचे नट सोडवण्यात गेला. हे पान्याला अक्षरशः लोंबकळले. शेवटी एक नट तुटून हातात आला, तेव्हा कळलं की तो प्लॅस्टिकचा, टोपीचाच दागिना! दुसरी टोपी एकाच जागी जोर केल्यामुळे थेट शेजारच्या काकूंच्या अंगणात गेली. काकू ती परत देत नाहीत. म्हणतात, पक्ष्यांना पाणी ठेवायला बरी आहे.

टोप्यांखाली गंज होता. तुमचं बरोबर होतं, हे मी एकदाच लिहिते आहे. खरे नट मात्र घट्ट निघाले. पत्ते द्यायला ह्यांनी साफ नकार दिला, म्हणून त्यांची जुनी व्हिजिटिंग कार्डं खोचली. दोन दिवस प्रत्येक चाकाभोवती चाळीस वेळा ‘उपव्यवस्थापक’ असं वाचायला मिळत होतं.

रंगाचं मात्र नवल वाटलं. तुमच्या घरात पडद्यांपासून पायपुसण्यापर्यंत सगळं करडं, आणि चाकांना शेंदरी! दुकानदारानंही दोनदा विचारलं. हे म्हणाले, दादांनी एकदाचं मोकळं व्हायचं ठरवलेलं दिसतंय. मला इतका आनंद झाला की दोनाऐवजी तीन हात दिले. आता दुरून पाहिलं की गाडी चार संत्र्यांवर उभी आहे असं वाटतं.

माया पातळ होऊ देऊ नका, ही विनंती.
तुमची, चिमणी

१५ तारीख

चि. चिमणीस,
आ. वि. वि.

मी ‘शेंदरी’ लिहिलेलं नाही. मी ‘चंदेरी’ लिहिलं. फरक नीट समजून घे. शेंदरीत मात्रा पहिल्या अक्षरावर असते, चंदेरीत दुसऱ्या. ‘च’ आणि ‘श’ यांत गल्लत होण्याचं तर कारणच नाही.

उपाय एकच. रंग खरवडणं, प्रायमर, पुन्हा दोन हात. चाकामागे दोन दिवस खरवडायला-रंगवायला, एक वाळायला. म्हणजे बारा दिवस. एकवीस तारीख अर्थातच साधत नाही. तरी प्रवास पुढच्या वर्षावर टाकावा हे उत्तम. मी इथे ठीक आहे.

मेव्हण्यांना नमस्कार सांगावा. पाना काढून घ्यावा.
दादा

१८ तारीख

ती. दादांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र फ्रिजवरून काढून सोबत जोडलं आहे. भिंगातून पाहावं. मात्रा घाईत डावीकडे सरकून पहिल्या अक्षराच्या डोक्यावर बसली आहे, आणि ‘च’च्या पोटात शाईचा फुगा आहे. पोस्टमनना दाखवलं, काकूंना दाखवलं. दोघांनीही ‘शेंदरी’च वाचलं.

गेल्या वर्षी ब्रेक, त्याआधी पाण्याची टाकी, आता रंग. वहिनी गेल्याला सहा वर्षं झाली, दादा, आणि तुम्ही कोपऱ्यावरच्या टपालपेटीपलीकडे गेला नाहीत. शेंदरी रंगानं चाक निखळत नाही, हे मी तुम्हाला शिकवायला नको.

एकवीसला सकाळी आठ वाजता आम्ही दारात उभे राहू. या वेळी आला नाहीत तर आम्ही दोघंच जाऊ, आणि पुन्हा मी विचारणार नाही. हे रागानं लिहिलेलं नाही, म्हणूनच खरं समजा.

तुमच्या लोभाची वाट पाहणारी,
चिमणी

२१ तारीख, दुपार

चि. चिमणीस,
आ. वि. वि.

हे पत्र मागच्या आसनावरून लिहून तुझ्या खांद्यावरून पुढे देत आहे, कारण मेव्हणे गात आहेत आणि त्यावर आवाज चढवणं माझ्या घशाला झेपणारं नाही.

भिंगातून पाहिलं. मात्रा सरकली आहे, हे मी एकदाच लिहितो. सव्वासातपासून पायरीवर बसून होतो. वळणावर गाडीच्या आधी चाकंच दिसली. शेजारच्या बाई हसल्या. मग मीही हसलो, आणि तेवढ्यात तुम्ही बॅग उचलून आत टाकलीत. रंगाविषयीचं मत राखून ठेवतो.

डावीकडे पाणी दिसू लागलं आहे. मेव्हण्यांना गाडी कडेला घ्यायला सांग. मला उतरायचं आहे. घाबरू नकोस, परत चढणार आहे.

तुझा,
दादा