खाकीतली भाऊबीज

मु. हाडोळवाडी, जि. लातूर
१८ नोव्हेंबर १९९६

तीर्थरूप ग्यानोबामामांना उज्वलाचा वाकून नमस्कार.

भोकरला नीट पोचला असाल, मामींचा खोकलाही उतरला असेल. इकडे आई, दादा आणि म्हैस बरी आहेत. मागच्या भिंतीची चीर भूकंपाने सोडली तेवढीच आहे. (जाताना तुम्ही तिच्याकडे फार वेळ बघत होतात, म्हणून कळवते.) मी मात्र बरी नाही. मला राग आला आहे, आणि तो वडीलधाऱ्या माणसाचा आहे, म्हणून तोंडाने न बोलता लिहिते.

मामा, तुम्ही वनखात्यात आहात. पण दरवर्षी धोतरात येणाऱ्या माणसाने यंदा भाऊबीजेला खाकी वर्दीत यायची काय गरज होती? ड्यूटीवरून थेट आलात हे तुम्ही आमच्या ओट्यावर बसल्यावर सांगितलंत. गावाने तर तुम्हाला एसटीतून उतरतानाच पाहिलं होतं.

बांधावर वीस जांभळं लावायला दादांना, म्हणजे तुमच्या दाजींना, राजी करण्यात माझा अख्खा उन्हाळा गेला. (बी.ए. होणं त्या मानाने सोपं होतं.) दादांचं म्हणणं एकच. "लाव की. लावायला कोन अडवून राह्यलंय? तोडायचं म्हनलं की कागद लागतोय." ते अनुभवाने बोलतात. भूकंपानंतर छपराला आडवं लाकूड हवं म्हणून त्यांनी आपल्याच बांधावरची चिंच तोडली. परवानगी घ्यायची असते हे लाकूड जप्त झाल्यावर कळलं. ते सोडवायला त्यांनी कचेरीत नऊ खेपा घातल्या. तिथे व्हरांड्यात अर्जदारांना बसायला एक ओंडका टाकला होता, तो आमच्या चिंचेचा. दादा आपल्याच झाडावर बसून साहेबांची वाट बघत होते. (नवव्या खेपेला शिपायाने तिथूनही उठवलं.)

तेव्हापासून आमच्या शिवारात आंबा, चिंच, जांभूळ आपसूक उगवलं तरी लोक तणासारखं उपटतात, कारण ते मोठं झालं की परवानगीच्या यादीतलं झाड होतं. लावतात निलगिरी, तिला कागद लागत नाही. शेजारच्या व्यंकटीकाकांनी तर भूकंपाआधीच, मुलगा सातवीत गेला तेव्हा, निलगिरी लावली होती. यंदा दोघंही लातूरला गेले, निलगिरी ट्रकमधून आणि मुलगा एसटीतून, बारावीच्या क्लासला. काका मला म्हणाले, "तुज्या जांभळाला फळ येईस्तोवर माजं पोरगं डाक्टर होऊन रिटायर व्हतंय." झाडं वाचवायच्या नियमाने झाडं बोटभर असतानाच मरतात, हे तुमच्या खात्यात कोणाच्याच लक्षात येत नाही का?

आता माझी चूक. लोकांना देशी झाडांची ओळख व्हावी म्हणून मी प्रत्येक रोपापुढे पत्र्याची पाटी रोवली होती. 'जांभूळ', पांढऱ्या रंगात, सुवाच्य अक्षरात. वर्दी बघून व्यंकटीकाकांना वाटलं, झाडं मोजणारे साहेब आले. आई तुम्हाला ओवाळत होती तेव्हा काका दादांना वाचवायला बांधावर धावले. पाट्या वाचत उपटत गेल्यामुळे एकही रोप चुकलं नाही. मग ते कडब्याच्या पेंढीत रोपं लपवून, घामाघूम होऊन आमच्या दारात आले आणि दादांना डोळ्याने खूण केली, काम झालं. तुमच्याकडे वळून नमस्कार करताना म्हणाले, "आरं, हे तर आपलं पाव्हणं हायत." तुम्ही त्यांना करंजी दिलीत. मला ती करंजी अजून विसरता येत नाही.

मामींना नमस्कार.

तुमची भाची,
उज्वला

ता. क. मामाला रागाचं पत्र लिहीत नाहीत, असं आई म्हणते. म्हणून तिला मी फक्त खोकल्याचं वाक्य वाचून दाखवलं आहे.

आणखी एक. पेंढीतल्या एका रोपाच्या मुळाशी माती राहिली होती. दादांनी कोणाला न सांगता ते न्हाणीमागे, सांडपाणी जातं तिथे लावलं. परवा त्याला पालवी फुटली. काल त्यांनी रंगाचा डबा माझ्यापुढे ठेवून पाटी लिहायला सांगितली. खोटं लिहिणार नाही म्हणून मी तासभर भांडले. तरी पुढच्या भाऊबीजेला धोतरात या, आणि न्हाणीकडे गेलात तर पाटी वाचा, पानं बघू नका. पाटीवर 'निलगिरी' असं आहे. अक्षर माझं आहे.