बदलापूर गावातला जकातदार

अंबरनाथ (पूर्व)
४ नोव्हेंबर २०२५

ती. राजसीताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर आपण तिसऱ्या वाक्याला भांडतो आणि मग बाबा दोघांनाही झापतात, म्हणून त्यांच्याच हुकमाने हे पत्र. फॅक्टरीत असताना ते म्हणे सगळ्यांना सांगायचे की तक्रार लेखी द्या, लिहिता लिहिता निम्मी विरघळते. माझी विरघळलेली नाही.

आपल्या ‘कल्याणची खाडी’ या खेळात एक जकातदार आणि बाकीचे व्यापारी. व्यापाऱ्याने पिशवीत जबर जकातीच्या मिठाच्या सोंगट्या भरायच्या आणि तांदूळ आहे म्हणून सांगायचं. जकातदाराने एक तर विश्वास ठेवायचा, नाहीतर पिशवी उघडायची. पेशवाईतल्या जकातीबद्दल मी मिळेल ते वाचत बसलो ते या एका क्षणासाठी. उल्हासनगरला मुकेशभाईंच्या कापडदुकानात खेळले, तर सख्ख्या भावाची पिशवी उघडून एकमेकांना टाळ्या देत होते. आमच्या कॉलनीत दर डावाला जप्ती. आणि बदलापूर गावात हरिचंद्रकाकांकडे तू खेळाचा डबा ठेवलास, तिथे मात्र एकदाही पिशवी उघडली नाही? दर रविवारी जकातदारच कंगाल? ताई, हे मला पटत नाही.

आंधळ्या चाचणीचा नियम तुझाच. डबा घरात द्यायचा, पुस्तिका वाचून त्यांनी आपापलं खेळायचं, आपण तिथे थांबायचं नाही. मान्य. पण मग ते खरंच खेळले की डबा टीव्हीखाली धूळ खात होता, हे कुणी पाहिलं? प्रेसवाला माझ्या होकारासाठी खोळंबलाय आणि ठाण्याचं प्रदर्शन डिसेंबरअखेर. जकातदार हरतच असेल तर खेळच मोडका, छपाई थांबवावी लागेल. आणि छपाई थांबलेली कुणाला हवी आहे, असंही मनात येतं.

रागावू नकोस. भावजींना नमस्कार. माया आहे तेवढी तरी ठेव.

तुझा,
गंधार


मांजर्ली, बदलापूर (प.)
८ नोव्हेंबर २०२५

चि. गंधार यास,
अनेक आशीर्वाद आणि पाठीत एक धपाटा.

एका स्टेशनावरून पत्र यायला इतके दिवस लागले की माझा फोनवरचा राग तोवर निवला होता. पत्र वाचलं आणि पुन्हा चढला. छपाई थांबलेली मला हवी आहे? अरे शहाण्या, सोसायट्यांच्या हॉलमध्ये टेबल मांडून घसा कोण कोरडा करतं? अनोळखी माणूस समोर आला की तुला घाम फुटतो. मग शाळाशाळांत जाऊन, रील करून, लोकांना हाताला धरून बसवतं कोण?

काकांचं घर मी मुद्दाम निवडलं. त्यांच्या आज्याची मिठागरं होती, म्हटलं या खेळावर त्यांचा पहिला हक्क. शिवाय इथे नदीचं पाणी चढलं की आमची स्कूटर त्यांच्याच अंगणात जाते, म्हणजे माणसं ओळखीची. काका वडीलधारे म्हणून जकातदार तेच होतात. व्यापारी तिघं. मुलगा भूपेश, सून स्वप्नाली आणि दर रविवारी उल्हासनगराहून जेवायला येणारे जावई अमितराव. स्वप्नाली सांगते की चहा निवून जातो तरी डाव सुटत नाही आणि काका हरूनही खूश असतात. पिशव्या का उघडत नाहीत विचारलं तर नुसती हसते. नियम माझाच, म्हणून मीही जास्त खोदलं नाही.

एवढी शंका असेल तर स्वतः जाऊन बस. आईला सांग, गुडघ्याचं तेल पाठवते. भांडलास तरी माझाच आहेस, हे विसरू नकोस.

तुझी,
ताई


अंबरनाथ (पूर्व)
१३ नोव्हेंबर २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र गोड होतं. फार गोड होतं, आणि तिथेच मला खटकलं.

काल मोबाईलवर एक फोटो पाहिला. मुंबईतली ती मोठी खेळ विकणारी कंपनी, तिथे काम करणारी तुझी मैत्रीण जिज्ञासा, आणि तिच्या शेजारच्या खुर्चीत चहाचा कप घेऊन तू. दिवाळीतला फोटो. मला अवाक्षरही बोलली नाहीस. मी जिज्ञासाला फोन लावला. तू तिथे नोकरी मागतेस का, काय ठरलं, कधीपासून, सगळं विचारलं. ती चाचरली आणि म्हणाली की हे राजसीलाच विचार. ज्याच्याकडे सांगण्यासारखं काही नसतं तो असं बोलत नाही.

आता मला सरळ दिसतंय. बदलापूर गावातून खेळ मोडका असल्याची बातमी आणायची, छपाई लांबवायची, ठाणं हुकवायचं. मग गंधारच्या खेळाचं काही खरं नाही म्हणून तू मोकळी. हे खोटं असेल तर मला आनंदच आहे. पण डबा मला परत हवा.

आई बरी आहे. लोभ असेल तर कळव.

गंधार


मांजर्ली
१७ नोव्हेंबर २०२५

चि. गंधार यास,
आशीर्वाद.

डबा काकांकडे आहे. तुझा तू घेऊन ये. मी त्यांना कळवलं आहे.

जिज्ञासाने तुझा फोन मला शब्दन्‌शब्द सांगितला. ऑफिसात, चार माणसांत बसली होती ती. मला विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं. लहानपणापासून तुझ्यापासून मी काय लपवलंय? मला फार लागलं, गंधार. आणखी लिहवत नाही.

आईबाबांना नमस्कार.

राजसी


अंबरनाथ (पूर्व)
२४ नोव्हेंबर २०२५

ती. ताईस,
शि. सा. न.

काल डबा आणायला बदलापूर गावात गेलो. उंबऱ्यातूनच परत फिरणार होतो, पण काकांनी हात धरून बसवलं. अमितराव आलेले होते, जेवणाची पानं मांडली जात होती. काका म्हणाले की खेळ बनवणारा घरी आलाय, तर आज जकातदार त्यालाच करू.

पहिली पाळी अमितरावांच्या गलबताची. त्यांनी तांदूळ सांगितला आणि त्यांचे कान लाल झाले. मी पिशवी ओढली, उघडली आणि टेबलावर उपडी केली. नुसतं मीठ. मी मोठ्याने हसलो. माझ्याशिवाय कुणीही हसलं नाही. काकांच्या पत्नी चिमीकाकू भात वाढता वाढता थांबल्या. भूपेश पंख्याकडे बघायला लागला. स्वप्नाली उठून आत गेली. अमितराव म्हणाले चालतंय, खेळच तर आहे, पण ती रिकामी पिशवी त्यांनी मांडीवर घेतली आणि डावभर तिथेच ठेवली.

हात धुवायला काका मला मागच्या दारी घेऊन गेले. म्हणाले, बाला, जावई तांदूळ म्हणला तर तांदूळ. त्याच्या पिशवीत हात घालायचा कसा? आणि त्याला सोडून सुनेची उघडायची, तर तीही परक्या घरातून विश्वासाने आलेली, तिला काय वाटेल? राहिला भूपेश. सगळ्यांना सोडून एकट्या पोराला पकडण्यात काय मजा? म्हणून ते कुणाचीच उघडत नाहीत. पोरं मीठ पळवतात हे त्यांना दिसतं. ती खूश होतात, तेच त्यांना आवडतं. मग त्यांनी मला साधेपणाने विचारलं की तुमच्या घरी उघडता काय.

ताई, तू जे सांगितलंस ते सगळं खरं होतं. माझ्या डोक्यात बसलं होतं की जकातदार झाला की माणूस पिशवी उघडणारच, कारण मी उघडली असती. तुझ्या बाबतीत मी तेच केलं, तेही चार परक्या माणसांसमोर. मला लाज वाटते. जिज्ञासाचीही माफी मागितली आहे.

प्रेसवाल्याला अजून हो म्हटलेलं नाही. तू सांगशील तेव्हा म्हणेन. ठाण्याला टेबलामागे तू नसलीस तर मी तिथे काय बोलणार? ये ना. तुझ्या पायाशी बसायला तयार आहे.

तुझाच,
गंधार


मांजर्ली, बदलापूर (प.)
२९ नोव्हेंबर २०२५

चि. गंधार यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. अमितरावांच्या कानांपाशी हसले, पुढे रडले. तुझ्यावरचा राग आता उरलेला नाही, हे आधी सांगून टाकते.

प्रेसवाल्याला हो म्हण. नियमात काही घालू नकोस, काही काढूही नकोस. ज्या घरात जसं खेळतील तसं खेळू दे.

आता त्या फोटोचं. दिवाळीत त्या कंपनीने मला बोलावलं होतं. मी गेले, चहा घेतला आणि नाही म्हणून आले. भावाचा खेळ ठाण्यात मांडायचा आहे, एवढंच कारण सांगितलं. तुला बोलले नाही, कारण ताई जाते की काय म्हणून तू रात्रंदिवस कुढत बसला असतास. तू जिज्ञासाला फोन केलास तेव्हा तिचे साहेब शेजारीच होते. त्यांनी संध्याकाळी मला पुन्हा विचारलं. म्हणाले, घरी माहीत झालंच आहे तर आता काय अडचण आहे? तू माझ्यावर असा संशय घेतलास म्हटल्यावर मला अडचण सुचेना. मी हो म्हटलं.

येत्या सोमवारपासून कामावर जाणार आहे. आता शब्द मोडणार नाही, तू म्हणालास तरी. ठाण्याला मी असेन, पण त्यांच्या टेबलामागे. यादी बघितली, आपली टेबलं समोरासमोर आली आहेत. आलेल्या माणसाला आधी बसायला खुर्ची दे आणि मग इतिहास सांग. पाण्याची बाटली जवळ ठेव, तुझा घसा लगेच बसतो. कुणीच आलं नाही तर माझ्याकडे बघू नकोस. मला तिथून उठता येणार नाही.

आईबाबांना नमस्कार. तुझ्यावरची माया होती तिथेच आहे, तूही जपून ठेव.

तुझी,
ताई